एक झाकण घरचं पाणी

"काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत?"

या एका प्रश्नावर माझा संसार उभा आहे. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी करतो. पुरुष आहारतज्ज्ञ ही आमच्याकडे अजूनही थोडी चेष्टेची बाब आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलेल्या बायका दारातून आत बघतात, मला बघतात आणि विचारतात, "डाएटवाल्या बाई कधी येतील?" मी म्हणतो, बाई मीच. मग त्या बसतात, पण भाजी चिरता येते का याची खात्री करून घेतल्याशिवाय माझं ऐकत नाहीत.

आमच्या धंद्यात औषध नसतं, सुई नसते. एक वाटी, दोन मापांचे चमचे, एक तराजू आणि वरचा प्रश्न, एवढीच आमची हत्यारं. प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं खरं उत्तर मिळवणं हेच सगळं कौशल्य. माणसं खोटं बोलतात असं नाही, त्यांना आठवत नाही. किंवा जे खाणं वाटत नाही, ते ती सांगत नाहीत. वेळणेश्वरचे एक मधुमेहाचे गृहस्थ मे महिन्यात आले आणि आंब्याला शिवलोसुद्धा नाही म्हणाले. साखर तर चढलेली. खोदून विचारल्यावर म्हणाले, "रस घेतो दोन वाट्या. पण तो पितो. तुम्ही खाण्याचं विचारलंत." तेव्हापासून मी 'खाल्लंत-प्यायलात' असं जोडून विचारतो. 'थोडासा भात' म्हणजे किती, हेही मी आता ऐकून घेत नाही. वाटी पुढे करतो. मासेमारी बोट चालवणाऱ्या एका निवृत्त तांडेलांचा थोडासा भात वजन केल्यावर माझ्या घरच्या सगळ्यांच्या भाताएवढा भरला होता.

रुग्णालयात मला 'पेजकाका' म्हणतात. हे नाव आमच्या स्वयंपाकघरातल्या शैलाताईंनी पाडलं. आपल्याकडे भात वेळतात, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवतात आणि वरची पेज ओतून काढतात. पूर्वी ती मीठ घालून घरातले सगळे प्यायचे. हल्ली शहरात ती सिंकमध्ये जाते. पेजेत तांदळाची बरीच जीवनसत्त्वं उतरलेली असतात, म्हणून माझ्या प्रत्येक सल्ल्याची शेवटची ओळ ठरलेली असायची: पेज टाकू नका. गरोदर बाई असो की टायफॉइडमधून उठलेला खलाशी, पेज टाकू नका. शैलाताई म्हणायच्या, "काका मेल्यावर पिंडाला पन पेजच ठेवायला लागेल."

आयुष्यात एका घराला मात्र मी सांगितलं की पेज टाका. त्या घराबद्दल लिहायचं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

जयगड रस्त्यावर कातळावर एक आंब्याची बाग आहे. तिचे मालक नाना, सत्तरीचे, आवाजाने मोठे, मनाने भित्रे. आपल्याकडच्या बहुतेक बागांना आता नेपाळी राखणदार असतात, तसा त्यांच्याकडेही होता. आश्विनात यायचा आणि पावसाच्या तोंडाशी गावी जायचा. नाव बिसराम. नेपाळच्या तराईतला, म्हणजे डोंगरातला नव्हे, खालच्या सपाट शेतीच्या मुलखातला. पण इथे सगळे नेपाळी 'बहादूर' असतात, तसा तोही होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा.

मोहराच्या दिवसांत नाना त्याला घेऊन रुग्णालयात आले. बिसरामचे तळहात ज्वारी पेरल्यासारखे झाले होते. कातडीतून टणक दाणे वर आलेले. तळपायांनाही तेच. सदरा काढला तर छातीवर काळे-पांढरे ठिपके, धुळीवर पावसाचे चार शिंतोडे पडावेत तसे.

नाना घाबरले होते ते वेगळ्याच कारणाने. आमच्या जिल्ह्यात बागेतल्या माणसाच्या कातडीला काही झालं की पहिलं नाव फवारणीचं निघतं. त्यांनी मला बाहेर गाठलं. "सायेब, औषधाचा काय नाय ना ह्या? मी त्याला हातमोजे दिलेत. खुंटीला टांगून ठेवतो तो. मी काय करनार?"

मी म्हटलं, मी आहाराचा माणूस, मला काय विचारता.

आमच्या त्वचेच्या डॉक्टर बाई पूर्वी काही वर्षं बंगालमध्ये होत्या. त्यांनी हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि फवारणीबद्दल एकच प्रश्न विचारला: बागेतल्या बाकीच्या गड्यांचे हात असे आहेत का? नाना नाही म्हणाले. मग त्यांनी बिसरामला विचारलं, "गावाला पाणी कुठलं पिता?"

आत आल्यापासून पहिल्यांदा त्या माणसाने मान वर केली. "आपली स्वतःची हापशी आहे मॅडम. दारात. बाबांनी बसवली. खूप गोड पाणी."

कोणी लेकीचं कौतुक करावं तसं तो बोलला. डॉक्टर बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग नखं आणि लघवी मुंबईला तपासायला पाठवली. उत्तर आलं, ते त्यांच्या अंदाजाप्रमाणेच. आर्सेनिक. आपल्या जुन्या भाषेत सोमल.

हे पाण्यात कसं येतं, ते थोडक्यात सांगतो. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला, त्या गाळात सोमल आहे. हापशीची नळी नेमकी त्या थरापर्यंत गेली की ते पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरला दहा मायक्रोग्रॅम ही मर्यादा मानतात, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. असं पाणी प्यायल्याने माणूस त्या दिवशी आजारी पडत नाही. वर्षानुवर्षं पितो आणि मग कातडी बोलायला लागते. पुढे आतली इंद्रियंही बोलू शकतात. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींमध्ये असं काही ऐकिवात नाही. आपल्याकडे पाणी असतं किंवा नसतं, तिसरा प्रकार नाही.

"यावर गोळी नाही," डॉक्टर बाई मला म्हणाल्या. "ते पाणी बंद करायचं, हातावर जखम झाली आणि भरली नाही तर लगेच दाखवायचं आणि नीट खायचं. शेवटचं तुमच्याकडे."

मी वाटी पुढे केली. "काल काय काय खाल्लंस-प्यालास?"

"भात."

"आणि?"

"नमक. मिरची."

"संध्याकाळी?"

"भात." मग थोडं थांबून, माझं समाधान व्हावं म्हणून, "परवा बटाटा होता."

असं उत्तर मला अगदी गरिबीतली माणसं देतात. पण नानांच्या बागेत शेवगा होता, कुळीथ होता, आणि नाना कितीही ओरडले तरी पोटाला कमी करणारे नव्हते. मी खोदत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "घरी ती दोघी नमक-भात खातात साहेब. मी इथे मासा कसा खाऊ?"

त्या दोघी म्हणजे बायको फूलमती आणि मुलगी रमिता, बारा वर्षांची. जाताना दारापाशी वळून त्याने ते विचारलं, ज्याच्यासाठी बहुधा तो एवढा वेळ बसला होता. "मुलीच्या हाताला पण दोन दाणे आले आहेत. तिला पण हेच आहे का?"

त्या दिवसापासून माझा रोगी बिसराम नव्हता, ती मुलगी होती. आणि ती माझ्यापासून दोन दिवस-रात्रींच्या रेल्वे-बस प्रवासाच्या अंतरावर होती.

बिसरामचा धाकटा भाऊ जगत इथेच बंदरात ट्रॉलरवर खलाशी आहे. पुढच्या वेळी तो बरोबर आला. मी त्याचे हात बघायला मागितले. दोरांनी घट्टे पडलेले, पण ते दाणे नाहीत. छाती स्वच्छ. दोघं एकाच दारातल्या एकाच हापशीवर वाढलेले. फरक कशाचा? जगत बोटीवर रोज मासे खात होता. माशाची आमटी, मासा भाजलेला, मासा सुका.

दोन भावांवरून सिद्धांत मांडणारा मी नव्हे. जगत इथे लहान वयात आला, म्हणजे ते पाणी त्याच्या पोटात कमी गेलं. शिवाय एकाच आईच्या पोटची मुलंसुद्धा आतून वेगळी असतात. हे सगळं मी डॉक्टर बाईंशी बोललो. पण एकच पाणी पिणाऱ्यांत ज्यांचं खाणं निकृष्ट असतं त्यांना जास्त त्रास होतो, हे त्यांनी बंगालमध्ये पाहिलं होतं, आणि वैद्यकाच्या पुस्तकांतही त्याला आधार आहे.

जगतला मी ते असं समजावलं. जयगडला जहाज लागतं. माल उतरला, की तो बांधून, गाडीत भरून बाहेर काढावा लागतो. तुझं यकृत म्हणजे ते बंदर. सोमल आलं की यकृत त्याला बांधतं आणि लघवीवाटे बाहेर पाठवतं. पण बांधायला दोर हवा. तो दोर खाण्यातून येतो: डाळी, मासे, अंडी यांतली प्रथिनं आणि हिरव्या पाल्यातलं, कडधान्यातलं एक जीवनसत्त्व, फोलेट. दोर कमी पडला तर माल धक्क्यावर पडून राहतो, आणि अर्धवट बांधलेला माल तर जास्तच त्रासाचा.

जगत भावाकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मी विचारलं काय म्हणालास. तो हसला. "म्हणालो, तुझ्या बंदरात हमाल उपाशी आहेत."

एवढं मात्र मी दोघांकडून परत परत म्हणून घेतलं, कारण माझ्या धंद्यात लोक पथ्यावर फार लवकर भाळतात. खाणं म्हणजे पाण्याला उत्तर नव्हे. चांगलं खाऊन ते पाणी पीत राहायचं, असं चालणार नाही. आधी पाणी, मग ताट.

ताट शैलाताईंनी हातात घेतलं. शेवग्याचा पाला घालून कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, आठवड्यातून दोन-तीनदा अंडं. बिसरामला त्या समोर बसवून म्हणाल्या, "बायको उपाशी म्हनून तू उपाशी. अरे, तू आडवा झालास तर ती काय खानार? तुझा प्रेम?" तो लाजला. पण खायला लागला.

एका रविवारी मी बागेत गेलो. रोगी सांगतो ते ताट आणि खरं ताट यांत अंतर असतं, म्हणून जमेल तेव्हा मी घरी जाऊन बघतो. बिसरामची खोपी स्वच्छ होती. चुलीवर खरंच कुळथाचं पिठलं होतं. कोपऱ्यात खुंटीला नानांचे हातमोजे होते, कोरे करकरीत. आणि त्याच्या शेजारी दोरीने टांगलेला एक निळा प्लास्टिकचा कॅन, अडीच लिटरचा, वर फडकं बांधलेलं.

"हा कसला?"

बिसरामने चपलांकडे बघितलं. नानांनीच सांगितलं. "त्याच्या गावचा पानी. येताना घेऊन येतो दर वर्षी. सकाळी उठला की एक झाकन तांब्यात ओततो, वर आपल्या विहिरीचा पानी, मग पितो. मी बोल्लो, मेल्या, माझ्या विहिरीला काय झालाय?"

"इथला पाणी चांगला आहे नाना," बिसराम म्हणाला. "पोट भरतो. तहान जात नाही."

डॉक्टर बाईंनी मला पाणी तपासायची कागदी पट्ट्यांची पेटी दिली होती. विहिरीचं पाणी तपासलं, पट्टी पांढरीच राहिली. मग कॅनमधलं घेतलं. पट्टी पिवळी झाली, आणि आम्ही बघत असताना पिवळ्याची तपकिरी झाली.

नानांनी कॅन खुंटीवरून ओढला. "वत पयला बाहेर. आंब्याच्या मुळात नको, तिकडं कातळावर वत."

बिसरामने कॅनचं दुसरं टोक धरलं. त्याने ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

मी हिशोबी माणूस आहे. मी मनातल्या मनात हिशोब केला. एक झाकण म्हणजे दहा मिलिलिटर. पट्टीवरच्या रंगाने ते पाणी लिटरला दोनशेच्या आसपास होतं, म्हणजे झाकणात दोन मायक्रोग्रॅम. मर्यादेतलं स्वच्छ समजलेलं पाणी दोन लिटर प्यायलं तर वीस चालतात. म्हणजे त्या झाकणाने त्याचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं होतं ते आधीच्या सगळ्या वर्षांनी आणि बिघडणार होतं ते दारातल्या हापशीने. मी नानांना म्हटलं, राहू दे.

"अहो, विष हाय ना?"

"आहे. पण झाकणभर राहू दे."

हा निर्णय निव्वळ आकड्यांवर घेतला, असं मी डॉक्टर बाईंना सांगितलं. त्या चिडल्या, पण आकडा त्यांनाही खोडता आला नाही. इथे बाकीचंही सांगतो. मी मूळचा नाटे गावचा. आमच्या घराची विहीर समुद्राच्या जवळ, पण पाणी गोड. मी नोकरीला लागल्यावर आईला रत्नागिरीला आणलं, आणि ती शेवटपर्यंत इथल्या चहाला नावं ठेवत राहिली. कोणी नाट्याहून येणार असलं की म्हणायची, "मासे नकोत, बाटलीभर पाणी आणा." आम्ही हसायचो. ती गेल्यानंतर काही वर्षांनी त्या विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं आणि ती मचूळ झाली. आता मला ते पाणी हवं असतं. जगात ते कुठेही नाही. बिसरामचं निदान कॅनमध्ये होतं.

त्याच दिवशी खोपीतूनच त्याने घरी व्हिडिओ कॉल लावला. आमचं बोलणं अर्धं हिंदीत आणि अर्धं बिसराममार्फत झालं. इथे मराठीत लिहितो. पडद्यावर फूलमती आली, तिच्या खांद्याआडून मुलगी.

मी माझा प्रश्न विचारला. फूलमती पदर तोंडाला लावून हसली. "एवढ्या लांबून हा माणूस मी काय खाल्लं ते विचारतो?"

"त्याचा धंदाच आहे तो," बिसराम म्हणाला.

"पाणी खराब आहे म्हणालात, तेव्हापासून उकळून पितोय," ती म्हणाली. तिने मोबाइल चुलीकडे नेला. मोठं पातेलं, धुराने काळं झालेलं. "अर्धं होईपर्यंत उकळते. मालकांनी सांगितलं होतं ना फोनवर."

मी नानांकडे बघितलं. नाना खोपीच्या छपराकडे बघायला लागले. "मी आपला चांगल्यासाठी सांगितला. दवाखान्यात भिंतीवर लिवलेला असतो, पानी उकळून प्या."

तेही खरंच होतं. आमच्याच भिंतीवर आहे, माझ्या खोलीच्या दाराशेजारी. ते जंतूंसाठी. सोमल उकळून जात नाही. पाणी आटतं आणि सोमल तेवढंच राहतं. मी फूलमतीला म्हटलं, आमटी फार आटली की खारट होते ना, तसं. हे तिला तत्काळ समजलं. तिने मागे वळून पातेल्याकडे जी नजर टाकली, ती मला अजून दिसते. त्या पातेल्यासाठी ती किती सरपण गोळा करत असेल, याचा हिशोब मी केला नाही.

मी विचारलं, गावात दुसरी हापशी आहे का? आहे, शाळेची, खोल आहे. फार पूर्वी कोणीतरी माणसं येऊन सगळ्या हापश्या तपासून गेली होती. शाळेच्या हापशीला निळा रंग लावला, आपल्या हापशीला लाल.

"मग तो लाल रंग कुठे आहे?"

उत्तर जगतने दिलं, तोही तेव्हा आला होता आणि दारात उभा होता. "बाबांनी खरवडला. माझं लग्न जमायचं होतं. लाल हापशीच्या घरात मुलगी कोण देणार?"

बाबा आता नव्हते. हापशी होती. त्यांनी कुठून कुठून करून बसवलेली, गावातली पहिली. शेजारपाजारच्या बायका तेव्हा तिथे रांग लावायच्या, असं बिसराम सांगायचा.

"शाळेतून पिण्यापुरतं आणता येईल," फूलमती म्हणाली. "भाताला दारातलं घेते. भाताला फार लागतं."

"भात कसा शिजवता?"

"तुमच्याकडे शिजवतात तसा. भरपूर पाण्यात. मग माड काढते."

"माडाचं काय करता?"

"मीठ घालून पितो. मी आणि रमिता. भात आधी सासूबाईंना, दिरांच्या मुलांना. आम्ही दोघी मागून, माड आणि जो राहील तो भात."

माड म्हणजे आपली पेज. बिसराम पहिल्यांदा इथे आला तेव्हा नानांच्या घरी त्याला पेज दिली होती आणि त्याला वाटलं होतं की हा मुलूख काही परका नाही. हे त्यानेच मला सांगितलं होतं. आता मला दिसत होतं की त्या घरात सोमल कुठून कुठे जात होतं. दारातलं पाणी भातात, भाताचं पाणी माडात, आणि माड ज्यांच्या ताटात दुसरं काही नाही त्या दोघींच्या पोटात. सगळ्यात जास्त माल तिथे उतरत होता, आणि बांधायला दोर सगळ्यात कमी तिथेच.

मी म्हटलं, "भातसुद्धा शाळेच्याच पाण्यात शिजवा. आणि माड टाका."

"टाकायचा?" ती हसत नव्हती. "घरात काय एवढं आहे म्हणून माड टाकायचा? तुमच्याकडे टाकतात?"

पेजकाकांना उत्तर द्यावं लागलं. "नाही. आमच्याकडे पितात."

"मग?"

"आमच्या पाण्यात हे नाही. तुमच्या तांदळालाही शेतातल्या बोअरचं पाणी मिळतं, म्हणून थोडं तांदळातही असतं. चांगल्या पाण्यात शिजवून माड काढला की ते त्याच्याबरोबर निघून जातं."

तिथे सोमल आहे आणि इथे नाही, यात तिचा दोष नव्हता आणि माझं कर्तृत्व नव्हतं. माडाच्या जागी काय, ते मी सांगितलं. अंगणात शेवगा आहे म्हणाली. त्याचा पाला डाळीत घाला. डाळ पातळ असली तरी चालेल, पण तुम्हा दोघींच्या ताटात आधी पडू दे, सगळ्यांबरोबर. हे शेवटचं वाक्य बिसरामने सांगावं म्हणून मी थांबलो. खालच्या कातळावर कुठेतरी फवारणीचा पंप चालू होता, तेवढाच आवाज.

मग तो बोलला, पण बायकोशी नाही. "रमिता, इकडे ये."

मुलगी पुढे आली.

"हात दाखव साहेबांना."

तिने तळहात पडद्याला लावला, इतका जवळ की काहीच दिसेना. मग मागे घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दोन दाणे होते.

"उद्यापासून शाळेतून येताना कळशी भरून आणायची. मी आलो की मी आणीन. आजोबांची हापशी," तो थांबला. "आजोबांच्या हापशीवर भांडी घासायची. फक्त भांडी."

फोन ठेवल्यावर तो खोपीच्या मागे गेला. आम्ही कोणी मागे गेलो नाही. नाना जगतला म्हणाले, "चल, तुला फणस दाखवतो," आणि फणसाला अजून कुयऱ्यासुद्धा धरल्या नव्हत्या.

पावसाच्या आधी बिसराम गेला. शैलाताईंनी कुळीथ बांधून दिले. जाताना त्याने मला हात दाखवले. दाणे तसेच होते. ते सहसा जात नाहीत, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. पण अंगात ताकद वाटते म्हणाला. निळा कॅन रिकामा होता, तो त्याने बरोबर घेतला.

आश्विनात तो आला नाही. नानांनी दुसरा माणूस ठेवला, तोही बहादूरच. मी दोनदा फोन लावून पाहिला, नंबर बंद. जगतही गावी गेलेला. माझ्या खोलीत रोज माणसं येतात, काय खाल्लं ते सांगतात, जातात. त्यांतली बहुतेक पुन्हा दिसत नाहीत आणि तसंच असायला हवं. पण त्या वर्षी जयगड रस्त्याने जाताना मी प्रत्येक वेळी बागेशी गाडी हळू केली. बायको एकदा म्हणाली, "उतरायचं असलं तर उतरा." मी म्हटलं, कोणाला भेटायचं?

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी जगत रुग्णालयात आला. गावाहून आला होता. त्याने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली, कोल्ड्रिंकची, दोन लिटरची, पाण्याने भरलेली.

"दादाने दिली. म्हणाला, साहेबांना दे, तपासून घे."

बिसराम आता येणार नव्हता. गावाजवळ त्याला काम मिळालं होतं, जेमतेम, पण सकाळी आणि संध्याकाळी शाळेच्या हापशीवरून तो स्वतः पाणी आणत होता. बायकांचं काम करतो म्हणून गाव हसतं. फूलमती माड गुरांना घालते की टाकते, मी विचारलं. टाकते, जगत म्हणाला, पण टाकताना रोज बडबडते. मुलीच्या हाताला तेच दोन दाणे आहेत, तिसरा आलेला नाही. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. स्वतःलाही सांगितलं.

मी पट्टी काढली. दोघं खाली वाकून बघत राहिलो. पांढरी. नेमलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबलो, तरी पांढरी.

"दादा म्हणतो, या पाण्याला काही चव नाही," जगत म्हणाला. "अजून म्हणतो, तहान जात नाही. पण रमिता मामाकडे गेली होती चार दिवस, तिथून रडत आली. म्हणाली, तिकडचं पाणी घशाखाली उतरत नाही, मला आपलं शाळेचं पाणी हवं."

मी बाटली घरी आणली. पुरावा म्हणून ठेवायची असती तर रुग्णालयात ठेवली असती. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर ती आहे. रोज सकाळी तांब्यात आमच्या नळाचं पाणी घेतो आणि त्यात बाटलीतलं एक झाकण ओततो. बायको पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, इतके दिवस बाटलीत राहिलेलं पाणी, जंतू नसतील का त्यात?

त्यामुळे आता ते झाकणभर पाणी मी आधी उकळून घेतो.